क्रिएटिनिन नॉर्मल होतं

गाडी शिकवणाऱ्या या बाईला शिकणारी मंडळी ‘ब्रेकताई’ म्हणायची. शेजारच्या सीटवरून तिनं ‘ब्रेक!’ अशी आरोळी ठोकली की रस्त्यानं जाणाऱ्याच्याही काळजात धस्स व्हायचं. पण तिचा राग दुधासारखा. भसकन वर यायचा, लगेच खाली बसायचा. दादाच्या किडन्या गेल्याचं कळलं, त्या दिवसापासून मात्र तो खाली बसेना.

दादाला तिच्यासारखाच मधुमेह. दोघांचा डॉक्टरही एकच. दर वेळी रक्ताचा रिपोर्ट बघून तो म्हणायचा, “क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे किडन्या ठीक. मजेत राहा.” दादा मजेत राहिला. पाय सुजले, तोंडाची चव गेली, तेव्हा ताईनं त्याला किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“क्रिएटिनिन फार उशिरा वाढतं,” त्या म्हणाल्या. “त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपायला लागतं. ती तपासणी दरवर्षी करायची असते. यांची कधी झालीच नाही?”

ताई तडक जुन्या डॉक्टरच्या दवाखान्यात. रांग ओलांडून थेट आत.

“अहो, त्यांना काही त्रासच नव्हता,” डॉक्टर म्हणाला.

“त्रासाची वाटच बघायची होती, तर ती घरी बसून बघितली असती! तुमच्याकडे कशाला यायचं?”

“ताई, शांत व्हा.”

“आधी माझी तपासणी लिहून द्या. मग होते शांत.”

अल्ब्युमिन सापडलं. पुन्हा तपासलं, पुन्हा सापडलं. पण नुकतंच सुरू झालेलं. किडनी सांभाळणारी गोळी आली, मीठ कमी झालं आणि काही महिन्यांत गळती निम्म्यावर आली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. ताईला मात्र रडू कोसळलं, तेही संतापानं. एवढीशी बाटलीभर लघवी! दादाच्या वेळी ती तपासायचं कुणाला सुचलं नाही.

दादा डायलिसिसच्या खाटेवर हाताला नळ्या लावून पडलेला. “तुझं वेळेत सापडलं ना? झालं तर मग.”

“काय झालं तर? तुला राग कसा येत नाही रे?”

“माझ्या वाटचाही तूच करतेस. उरतोय कुठे?”

शेजारच्या खाटेवरचे आजोबा खुदकन हसले. ताई हसली नाही. बाहेर जाऊन तिनं डॉक्टरला फोन लावला.

“बाकीच्या मधुमेहवाल्यांची लघवी तपासताय का?”

“सुरू केलंय, ताई. खरंच.”

“आणि दादाला चुकलं म्हणालात?”

“ते... राहिलंच.”

“परवा मशीनवर असेल तो. या आणि तोंडावर म्हणा.”

तो आला. दाराशी घुटमळला, मग दादाच्या पायाशी उभा राहून म्हणाला, “माझं चुकलं.” दादानं मान डोलावली.

ताईनं मात्र त्याला खुर्ची दिली नाही.