लाल चौकट आणि डावं बटण

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, कारण तिचा नवरा सगळ्या गल्लीचा दादा. राहत्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान, आणि खोलीच्या मधोमध ठाण मांडून बसलेलं एम्ब्रॉयडरीचं मशीन म्हणजे तिची सवत. असं ती स्वतःच म्हणायची. नवरा घरी आला की आधी मशीनला तेल घालायचा, मग बायकोला विचारायचा कशी आहेस.

मशीन जुनं, कुठल्याशा दूरच्या कारखान्यातून वापरून आलेलं. त्याच्या पडद्यावर उमटणारी लिपी घरात कुणाच्या बापाला वाचता येत नव्हती. पण अडलंय कुणाचं? हिरवी चौकट आली की काम झालं, पिवळी आली की दोरा संपला, आणि लाल आली की मशीन कुरकुरतंय. लाल चौकटीला डावं बटण दाबायचं, की गप्प. ही लाल चौकट उठसूट यायची. वहिनी दोरा ओवता ओवता, मान वर न करता, डावं बटण दाबून मोकळी व्हायची.

नक्ष्या काढायची तिची नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, वरच्या मजल्यावर लॅपटॉपपुढे बसलेली. शाळांचे बिल्ले, हॉटेलच्या उशांवरची अक्षरं, टोप्यांवरचे नांगर, सगळं तिनं पडद्यावर टाक्याला टाका लावून रचलेलं. जिभेनं तिखट, हातानं नाजूक. दोघींचं विळ्याभोपळ्याचं नव्हतं, पण अगदी गळ्यात गळाही नव्हता. नक्षी पेनड्राइव्हवरून जिन्यानं खाली यायची आणि तक्रार तोंडी वर जायची.

त्या आठवड्यात नणंदेच्या लॅपटॉपनं मान टाकली. टाकण्याआधी तिनं कशीबशी सगळी नक्षी एका मोठ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. दुरुस्तीवाल्यानं आतली डिस्क बदलून लॅपटॉप परत पाठवला तो कोऱ्या पाटीसारखा, आणि तोही आज सकाळी. म्हणजे सगळ्या वर्षांचं काम त्या घटकेला फक्त पेनड्राइव्हवर होतं. आणि उद्या सकाळी तिला एका कपड्यांच्या कारखान्यात बोलावलं होतं. काम दाखवा, पसंत पडलं तर नक्षीचा विभाग तुमच्याकडे. पन्नाशी उलटलेल्या बाईला असं बोलावणं दुसऱ्यांदा येत नसतं. दोघींना ते ठाऊक होतं, म्हणून दोघीही त्याबद्दल बोलत नव्हत्या.

दुपारी वहिनीनं खालून हाक मारली, "वन्सं, नर्सबाईंचे बिल्ले आज द्यायचेत! नक्षी कुठाय?"

"रोजचा पेनड्राइव्ह घेऊन ये."

"तो तुमच्या भावाच्या पँटबरोबर धुतला गेला."

"माझ्या भावाच्या की तुझ्या नवऱ्याच्या?"

"धुवायच्या वेळी तुमच्या भावाच्या."

नणंदेनं नाइलाजानं मोठा पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. "ती एक फाइल मशीनमध्ये घे आणि लगेच वर आण. माझा जीव आहे त्यात."

"एवढ्याशा डबीत मावला?" म्हणत वहिनी खाली आली.

आता घोळ असा, की तो पेनड्राइव्ह नणंदेच्या लॅपटॉपनं आपल्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. फॉरमॅट म्हणजे कपाटाला कप्पे कसे पाडायचे ते. एकानं पाडलेले कप्पे दुसऱ्याला दिसतीलच असं नाही, आणि मशीनला तर समोर कपाट आहे हेच कळेना. त्यानं आपलं रीतसर विचारलं: हे मला वाचता येत नाही, पुसून माझ्या पद्धतीनं कप्पे पाडू का? विचारलं लाल चौकटीत. वहिनी दोरा ओवत होती. तिनं डावं बटण दाबलं.

हिरवी चौकट आली, पण यादी रिकामी. वहिनीनं पेनड्राइव्ह काढून पुन्हा घातला. फुंकर मारली. बाहीला पुसला. यादी रिकामी ती रिकामीच. तेव्हा कुठे तिनं हातातला दोरा खाली ठेवला.

नवरा जेवायला आला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि अक्कल पाजळली. "आत्ता काही बोलू नकोस. उद्या ती निघताना हातात दे. तिथे उघडला नाही तर म्हणेल, खराब झाला."

"म्हणजे तुमच्या बहिणीनं चार लोकांत तोंडघशी पडायचं आणि मी इथे साळसूद बसायचं?"

"मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"तुम्ही तेलाचं बघा," ती म्हणाली आणि ताट तसंच टाकून जिना चढली.

"वन्सं, पुसलं गेलं. सगळं. मी पुसलं."

नणंदेनं चष्मा काढला. ती ओरडेल म्हणून वहिनी खांदे पाडून उभी होती. नणंदेनं फक्त विचारलं:

"काय विचारलं होतं मशीननं?"

"मला काय ठाऊक? मी कधी वाचलंय? लाल आली, डावं दाबलं."

"आणि त्यानंतर त्यावर काही ठेवलंस? एखादी फाइल, काहीही? खरं सांग."

"काही नाही हो. फुंकर मारली फक्त."

"फुंकरीनं काही होत नाही." नणंदेनं चष्मा पुन्हा चढवला. "कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या असतील, माल आत असेल. वर दुसरं काही कोंबलं असतंस तर मात्र मेले असते मी."

तिनं दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं सांगितलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून चालू केला. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. वहिनीला बसवेना आणि खालीही जाववेना.

"बस की गं. उभं राहिल्यानं लवकर येणार आहेत का?"

मग पहिली फाइल आली. नाव नाही, नुसता आकडा. नणंदेनं उघडली.

"नांगर!" वहिनी किंचाळली. "वन्सं, नांगर आला!"

पाठोपाठ बाकीच्या येऊ लागल्या. नावं मात्र सगळ्यांची गेलेली, आणि एकेका नक्षीचे तीन-तीन अवतार. संध्याकाळपर्यंत दोघी शेजारी बसून बारशी करत होत्या.

"हा कोंबडा नको, याच्या शेपटीत दोरा तुटतो. तो वाकड्या चोचीचा घ्या."

"चोच वाकडी नाही, तशीच काढलीय."

"बरं बाई, तुम्ही म्हणाल तशी."

दोन-चार फाइली फुटक्याच निघाल्या. एक बेकरीची होती. "जाऊ दे," नणंद म्हणाली, "तो बेकरीवाला कधी खूश नव्हताच."

सगळं लॅपटॉपवर उतरल्यावर नणंदेनं पेनड्राइव्ह नव्यानं फॉरमॅट करायला घेतला आणि थबकली. "कारखान्याची मशीनंही जुनीच असणार. हा सकाळी होता तसाच नेला असता तर तिथे उघडलाच नसता. उभी राहिले असते मी त्यांच्यापुढे रिकाम्या हातांनी."

वहिनीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं.

"श्रेय घेऊ नकोस," नणंद म्हणाली, पण तीही हसत होती. तिनं लॅपटॉपला आणि मशीनला, दोघांनाही वाचता येईल अशी पद्धत निवडली आणि वहिनीला आधी खाली पिटाळलं, उघडतंय का बघायला. उघडलं. बिल्लेही त्याच फेरीत निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"उघडलं. सोमवारपासून या म्हणाले."

वहिनीनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. काल दुपारपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आता अशी कडकडून भूक लागली, की नवरा हात धुऊन येईपर्यंत तिनं त्याच्या वाट्याचंही संपवलं.