भर दुपारचा चोर आणि दारातल्या चपला

मी मेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोहाऱ्यात अजूनही काही जण मला बाजारात बघून दचकतात.

झालं ते सगळं राहुलच्या गाडीपायी. राहुल म्हणजे माझा एकुलता एक. पुण्यात नोकरीला. तिथल्या सोसायटीत गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून त्यानं ती टाकी फुल्ल करून माझ्या दारात आणून उभी केली आणि "पुढच्या महिन्यात येऊन नेतो" म्हणून एसटीनं परत गेला. पुढचा महिना आला, गेला. मग त्याच्या पुढचाही गेला. मला गाडी चालवता येत नाही. (तहसीलमध्ये जन्मभर फायली चालवल्या, त्याही ढकलूनच!) पण रोज सकाळी मी ती पुसायचो. राहुल फोनवर विचारायचा, "बाबा, गाडी कशीय?" मी म्हणायचो, "मजेत हाय." माझी खुशाली त्यातच आली असं धरायचं.

अशात आमच्या गल्लीत पेट्रोलचोर निघाला, तोही भर दुपारी! उन्हाच्या तडाख्यात सगळं गाव दारं लावून पडलेलं असतं, तेवढ्यात हा टाकीत नळी घालून मोकळा. शेजारच्या शेखचाचांची स्कूटर त्यानं पार कोरडी केली. मी ही बातमी मोठ्या हौसेनं राहुलला सांगितली, तर तो म्हणतो, "मग मी इथून ड्रायव्हरच पाठवतो बाबा. तो घेऊन येईल गाडी. इथं आता जागा मिळालीय."

गाडी गेल्यावर राहुलला लोहाऱ्याला यायला कारण काय उरलं? त्याची आई गेल्यापासून घरात आवाज करणारे दोघंच, मी आणि पंखा. आणि लाइट गेली की मी एकटाच.

"ड्रायव्हर-बिव्हर काय नको!" मी ओरडलो. "मी हाय ना हितं! एक थेंब जाऊ देत न्हाय!"

शेखचाचा पेशानं टेलर. कपड्याला वेळ लावतात, सल्ला मात्र हातोहात देतात.

"भाईसाब, चोर कुणाला भितो? माणसाला. तुमचं घर तर कायम सुनं. दारात चपला दिसू द्या. लई चपला! घर भरल्यालं वाटलं पायजे."

"एवढ्या चपला आणू कुठून?"

"चौकातल्या चप्पलवाल्याकडं पोतंभर तुटक्या पडल्यात. म्या आणतो की!"

दुसऱ्या दिवशी आम्ही फाटकापासून पायरीपर्यंत चपला पसरल्या. राहुलचे कॉलेजातले बूट मांडले. ट्रंकेत हिच्या चपला होत्या, त्याही काढल्या. त्या पायरीशी ठेवताना हात जरा थांबला. आत स्वयंपाकघरात कुणीतरी आहे असं क्षणभर मलाच वाटलं आणि फार बरं वाटलं. मग मी डोळे पुसले आणि कामाला लागलो. गाडीचं कव्हर फाटलेलं होतं, म्हणून तिच्यावर दोन पांढऱ्या चादरी टाकल्या. अंगणात खुर्ची मांडली, डोक्यावर टॉवेल घेतला आणि पहाऱ्याला बसलो. दाढी वाढलेली होतीच. (करून दाखवायची कुणाला?) थोड्या वेळानं डुलकी लागली आणि मान खाली गेली.

आता रस्त्यावरून जाणाऱ्यानं काय बघितलं? दारात चपलांचा ढीग, पांढरी चादर आणि मान टाकून बसलेला माणूस!

पहिल्यांदा समोरच्या महादेवी अक्का आल्या. डोक्यावर पदर घेऊन गुपचूप पायरीवर बसल्या. मग कोपऱ्यावरचे गुरुजी आले, खाली बघत बसले. मग बाया आल्या, बाप्ये आले. असल्या ठिकाणी आमच्याकडं काही विचारत नाहीत. यायचं, बसायचं, मान खाली घालायची. कोण गेलं ते आपल्या आधी आलेल्याला ठाऊक असणारच, असं प्रत्येकानं धरलेलं.

मी डोळे उघडतो तर अंगण भरलेलं! मला वाटलं, गाडीची काळजी वाटून आली माणसं. गेले आठ दिवस मी भेटेल त्याला पेट्रोलचंच गाऱ्हाणं सांगत होतो ना!

"धीर धरा भाऊ," अक्का म्हणाल्या. "आमी हाव की."

पेट्रोलसाठी एवढी माया! हिचं तेरावं झाल्यापासून या अंगणात असं कुणी बसलंच नव्हतं.

"लई बरं वाटलं बघा," मी म्हणालो. "असंच येत जावा अधनंमधनं."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

तेवढ्यात कुणीतरी पिठलं-भाकरी आणली. हा दुखवट्याच्या घरचा कडू घास, हे लहान पोराला कळतं. मला कळलं नाही! रोज सकाळची खिचडी रात्री खाणारा माणूस मी. तुटून पडलो.

"अक्का, अजून एक भाकर हाय का? आन् ठेचा?"

"धक्का बसलाय," गुरुजी हळूच म्हणाले. "खाऊ द्या."

दुसरी भाकरी निम्मी झाली असेल, तोच गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. "माज्या दादा रंऽऽ!"

माझी धाकटी बहीण शांता. तेरखेड्याला दिलेली, जिथं घरोघरी फटाके बनतात. गर्दी बघून शेखचाचाही घाबरले होते आणि त्यांनी तिला फोन केला होता, "भाईसाबच्या घरात गमी झाली." आता या घरात राहतो एकटा मी. मग मरायला दुसरं आहेच कोण! स्टँडपासून ती असा गळा काढत आली, की अर्ध्या बाजाराला माझ्या मरणाची खबर लागली.

मी भाकरीसकट फाटकाकडं पळालो. "शांते, कोण गेलं गं?"

तिनं मला बघितलं आणि अशी किंचाळली, की फटाक्यांच्या गावात एवढी वर्षं काढल्याचं सार्थक झालं.

"तू... तू हायस?"

"मग कुठं जाऊ?"

तिनं पिशवीनं माझी पाठ बडवून काढली. मग एकदम तोंडावर हात ठेवला. "अगं बया! राहुलला कळवलं की म्या! निघालाय त्यो पुण्यावरनं! आदी फोन लाव त्याला!"

फोन लागला नाही. (मी किती मनापासून लावला, ते विचारू नका.)

लोक चिडून उठले, पण जातील कसे? पोतंभर तुटक्या चपलांत स्वतःची सापडेना! गुरुजी दोन्ही डाव्या पायाच्या घालून गेले.

दिवेलागणीला राहुल आला. डोळे सुजलेले. मी बाजेवर बसून चहा पीत होतो. त्यानं आधी मला घट्ट धरलं, बराच वेळ सोडलं नाही. मग सोडलं आणि जे बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"उद्या मीटिंग आहे माझी," तो शेवटी म्हणाला. "आत्ताच्या आत्ता गाडी घेऊन निघतो!"

त्यानं चादर ओढली, चावी फिरवली. गाडी नुसती खोकली. काटा तळाला! टाकीचं झाकण दोरीला लोंबकळत होतं. अख्खी गल्ली अंगणात हजर असताना चादरीच्या आड बसून कुणीतरी निवांत टाकी रिकामी केली होती. बघणार कोण? सगळ्यांच्या माना खाली!

पंपावर विचारलं, तर टँकर सकाळी येणार. राहुल मटकन पायरीवर बसला. शांतानं आमटी केली. कित्येक महिन्यांनी घरात तीन ताटं झाली. राहुलनं भात दोनदा मागून घेतला आणि हात धुता धुता माझ्याकडं एकटक बघितलं.

"बाबा, खरं सांगा. पेट्रोल तुम्हीच काढलंत ना?"

"तुझी शपथ, मी न्हाय रे!" मी म्हणालो. "एवढी अक्कल मला असती, तर मागच्या खेपेला तू गेलास त्या एसटीत डिझेल राहिलं असतं व्हय?"