शेपटीवरची अक्षरं

विमान येऊन थांबलं, पंखे शांत झाले, की गावंडे काका हातात कागद घेऊन शेपटीकडे चालू लागायचे. तिकडे प्रवासी उतरत असायचे, सामानाची गाडी लागत असायची आणि हे गृहस्थ मान वर करून विमानावर रंगवलेली अक्षरं मोठ्यानं वाचायचे. मग कागदावरची वाचायचे. दोन्ही जुळली की म्हणायचे, "हां. कागदावरची गाडी अन् उभी गाडी एकच हाय. द्या आता." पहिल्या दिवशी हे पाहून मला इतकं हसू आलं होतं, की मी तोंडाला ओढणी लावली.

अमरावतीच्या विमानतळावर मला नोकरी लागली, तेव्हा अकोल्याला आमच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. सहा महिने उमेदवारी आणि काम पसंत पडलं तरच कायम, ही बारीक अक्षरातली गोष्ट बाबांनी कुणाला सांगितली नव्हती. मुंबईहून येणारं विमान आमच्याकडे पंचवीस मिनिटं थांबायचं आणि परत जायचं. तेवढ्यात वैमानिकांना परतीचा फ्लाइट प्लॅन लागतो. कोणत्या वाटेनं जायचं, किती उंचीवरून, इंधन किती, मुंबईत उतरता आलं नाही तर कुठे वळायचं, हे सगळं त्यात असतं. माझी समजूत होती की वैमानिकच ते ठरवत असतील. तसं नसतं. कंपनीच्या मुख्य कार्यालयातली माणसं तो तयार करून पाठवतात. वैमानिकांच्या टॅबलेटवरही तो येतो, पण आमच्याकडे रेंजचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही तो ईमेलमधून छापून नेऊन द्यायचो.

गावंडे काका आधी एका बस आगारात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर घरात करमेना, म्हणून इथे कंत्राटावर आलेले. विमानाला ते शेवटपर्यंत गाडीच म्हणत. मी एकदा शहाणपणानं दुरुस्ती केली, तर म्हणाले, "कावून वं? चाकं हायेत, ड्रायव्हर हाय, टाइम हाय. गाडीच हाय थे. वर जाते एवढंच." त्यांचा दुसरा हट्ट असा, की विमान टेकल्याशिवाय प्लॅन छापायचा नाही. "मुंबईले मागून काय बदललं, तुले काय मालूम?"

मला हे जुन्या वळणाचं वाटायचं. आमचा प्रिंटर एकेक पान उपकार केल्यासारखं बाहेर टाकायचा. त्यात पाच मिनिटं जायची. एका दुपारी मी विचार केला, आज यांना दाखवून देऊ. विमान आकाशात असतानाच मी प्लॅन छापून, टाचणी मारून तयार ठेवला. विमान आलं. काका व्हीलचेअरवरच्या एका आजींना उतरवण्यात गुंतले होते. मी ऐटीत वर गेले, कॅप्टनच्या हातात कागद दिला आणि खाली आले. घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं वाचली होती. काय ती माझी मान ताठ!

काका आले. आमच्याकडची प्रत उचलली आणि शेपटीकडे गेले. परत आले ते झपाझप. "माय, ही दुसरी गाडी हाय."

झालं होतं असं, की ऐन वेळी मुंबईत विमान बदललं होतं. त्याच जातीचं, पण दुसरं. त्याचं वजन वेगळं, म्हणून हिशेबही वेगळा. नवा प्लॅन ईमेलमध्ये येऊन पडला होता, मी छापल्यानंतर.

"कॅप्टन पाहतीलच ना, काका?"

"पाहतीन. थे बी पाहतीन मनून आपून चुकीचा कागद देऊन बसाचं काय? नवा काढ. तू देल्ला, तूच वापस आन."

प्रिंटर त्या दिवशीही निवांतच होता. मी धापा टाकत वर गेले आणि कसंबसं म्हणाले, "सर, वो कागज़ गलत है. मेरी गलती है." कॅप्टननं दोन्ही कागद शेजारी धरले. सगळे आकडे पुन्हा पाहिले, सहवैमानिकाकडून पाहून घेतले. मला ते एक वर्ष वाटलं. मग म्हणाले, "फ्यूल काफ़ी है. अच्छा किया, बता दिया." विमान नऊ मिनिटं उशिरा उडालं. ते दिसेनासं होईपर्यंत मी आकाशाकडे पाहत होते.

उशिराचं कारण मुख्य कार्यालयाला कळवावं लागतं. "काका, नेट गेलं होतं असं लिहू?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे बाबांचे पेढे होते.

"नाई. जे झालं थे लिव. खाली माह्यं बी नाव टाक. म्या आधी पाहाले पायजे होतं."

मी इंग्रजीत लिहिलं, त्यांना मराठीत वाचून दाखवलं आणि पाठवलं. तासाभरानं दोन शब्दांचं उत्तर आलं: 'नोटेड. थँक्स.' मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. इतकं मोकळं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. काका म्हणाले, "खरं लिवलं का उत्तर लहान येते, माय."

मी कायम झाले. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि काका काम सोडून बाळापूरला मुलाकडे गेले. मागच्या महिन्यात मी अकोल्याहून त्यांना भेटायला गेले. बोलता बोलता तो दिवस निघाला.

"एक डाव म्या बी चुकलो होतो," काका म्हणाले. "ब्रेकच्या कामासाठी उभी ठेवलेली बस. नंबर नाई पाह्यला, कागद देल्ला अन् सोडली. पन्नास माणसं होती. मालूम पडलं तवा गाडी घाटात."

"मग?"

"मंग काय. चार घंटे फलाटावर उभा होतो. आली वापस. ड्रायव्हर उतरला, मने गावंडे साहेब, चहा पाजा. म्या पाजला."

"आणि रिपोर्टात काय लिहिलं?"

"काहीच नाई." ते पायावरची शाल सारखी करत राहिले. "तुई चूक त्या दिवशी लिवून गेली ना, तवा मले बी हलकं वाटलं."

हे घरात कुणाला सांगितलं होतं का, असं मी विचारलं.

"आता सांगतलं ना तुले," काका म्हणाले आणि सुनेला मोठ्यानं हाक मारून आमची पानं घ्यायला सांगितलं.