नव्या लॉरीच्या चाकात मोहाचं तेल

"आधी गाडीखाली जाऊन येतो, मग स्टार्ट करतो," मी म्हणालो, आणि रावसाहेबांनी कपाळावर हात मारला.

रावसाहेब म्हणजे जव्हार संस्थानच्या मोटारखात्यातले माझे वरिष्ठ. मी ड्रायव्हर आणि मेकॅनिकही. संस्थानी नोकरीत पगार एका कामाचा आणि कामं पडतील तेवढी. मुंबईहून नवी लॉरी येऊन फार दिवस झाले नव्हते. रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता. एरवी तिच्यातून भात, लाकूड, दवाखान्याची खोकी असं काहीबाही जायचं. त्या सकाळी मात्र मागे पेंढा अंथरला होता आणि त्यावर साखरशेतची मंगळी निजली होती.

मंगळीचा नवरा लहानू आणि त्याचे भाऊबंद तिला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, डोंगर चढून आले होते. तिच्या पोटात गाठ होती. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन इथे होणार नाही. नाशिकला न्या, आणि आजच न्या." म्हणजे मोखाडा, त्र्यंबक, मग नाशिक. सगळा रस्ता चढ-उतारांचा.

"अहो, बाई कळवळतेय," रावसाहेब म्हणाले. "नवीकोरी गाडी आहे. तिला काय धाड भरलीय?"

"नवी आहे म्हणूनच, साहेब."

हे जरा समजावून सांगतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण मोटारीचं उलटं आहे. पहिल्या दिवसांतच तिला सर्वांत जास्त जपावं लागतं. इंजिनातले भाग एकमेकांना सरावलेले नसतात, म्हणून सुरुवातीला गाडी हळू चालवायची. याला आम्ही रनिंग-इन म्हणतो. ते भाग घासून लोखंडाची बारीक कणी तेलात उतरते, म्हणून पहिलं तेल लवकर काढून टाकायचं. आणि ओझं घेऊन खडबडीत रस्त्यावर पळाली की चाकांचे, स्प्रिंगांचे नट सैल पडतात. ते पुन्हा आवळायचे. कारखान्यातून आली म्हणजे पक्कीच असणार, असं मालकाला वाटतं. मला तसं कधीच वाटत नाही. माझा स्वभावच संशयी आहे. घरी बायको म्हणायची, तुम्ही देवाच्या घंटेचासुद्धा नट बघाल.

पण त्या दिवशी माझंही मन धड नव्हतं. मागून मंगळीचं कण्हणं ऐकू येत होतं. नट आवळायचे पाने हातात होते, आणि वाटत होतं, सोडावं आज, परत आल्यावर बघू. रावसाहेब चुकीचं काही बोलत नव्हते.

तेवढ्यात मंगळीच बोलली. आवाज अगदी बारीक होता.

"बघू दे त्याला. नवा बैल पण पहिला रिकामाच फिरवून बघतात. मग जू ठेवतात."

रावसाहेबांनी स्वतःची छत्री उघडून तिच्या तोंडावर सावली धरली आणि मला म्हणाले, "जा बाबा, जा. पण लवकर ये."

मी गाडीखाली सरपटलो. पुढचे नट ठीक होते. मागच्या डाव्या चाकाशी गेलो आणि ओळखीचा वास आला. मोहाच्या बियांच्या तेलाचा. इकडे त्याच तेलात भाजी शिजते. मला वाटलं कुणाचं तरी जेवण सांडलं. मग पाहिलं तर टायरच्या आतल्या अंगाने तेल ओघळत होतं. उजवीकडेही तेच.

चाकाच्या आत लोखंडाचा ड्रम असतो. त्यात अर्धचंद्राच्या आकाराचे दोन तुकडे असतात, त्यांना खरबरीत पट्टी लावलेली असते. पायाने ब्रेक दाबला की ते ड्रमला आतून घट्ट धरतात आणि चाक थांबतं. तिथे तेल गेलं की धरायला काही उरतच नाही. तुम्ही पाय दाबत राहा, गाडी आपली चालत राहते. आणि जव्हार पठारावर वसलेलं. गाव सोडलं की उतारच.

मी बाहेर आलो तो ओरडतच. "चाकात तेल कुणी ओतलं रे?"

लहानू पुढे झाला. त्याच्या हातात बांबूची नळी होती, रिकामी.

"मीच घातला, मिस्तरी. तू भाकर खावाला गेलास तवा. नव्या गाडीला पहिल्या खेपेला तेल घालाचाच लागतं."

बैलगाडीवाला माणूस. नव्या गाडीचा आस वंगणाशिवाय तो फिरू देईल कसा? ड्रममागची फट त्याने बरोबर हेरली होती.

"पण इतकं?"

"हिच्या पोटाला चोळाया घरात होता तेवढा आणलेला, तो सगळा घातला," तो म्हणाला. "चाक करकरलं तर हिसका बसंल. पोरांची आयस झोपली हाय आत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पाने उचलले आणि म्हणालो, "जॅक धर."

चाकं काढली. ड्रम उघडले. पट्ट्या पेट्रोलने धुतल्या, उन्हात वाळवल्या, काचपेपरने घासून पुन्हा खरबरीत केल्या. लहानूला मी सगळं दाखवत होतो. काय झालं असतं ते मी बोललो नाही, पण त्याला कळलं. तो एका हाताने पट्टी घासायचा आणि मधूनच उठून मंगळीच्या कपाळाला हात लावून यायचा. ती म्हणाली, "कर तुझा काम. मी कुठं नाय जात."

मोकळ्या उतारावर एकदा ब्रेक आजमावला आणि मग निघालो. इंजिन नवं, म्हणून ते ताणायचं नव्हतं. मागे मंगळी, म्हणून हिसका बसू द्यायचा नव्हता. दोघींना एकच चाल मानवणारी होती. प्रत्येक उतारावर ब्रेक धरला की मागून लहानूचा आवाज यायचा, "थांबते रं, मिस्तरी, थांबते!"

नाशिकला वेळेत पोचलो. ऑपरेशन झालं. मंगळी वाचली. त्याच लॉरीतून तिला परत आणलं, तेव्हा ती पेंढ्यावर उठून बसली होती आणि मोखाड्याच्या बाजारातून लहानूने घेतलेल्या बांगड्या वाजवून बघत होती.

त्यानंतर लहानू दर बाजाराला गॅरेजशी यायचा, नळी घेऊन. नको म्हणून भागणार नव्हतं. मी त्याला स्प्रिंगांच्या कड्या दाखवल्या. तिथे तेल लागतंच. तो मन लावून घालायचा आणि लॉरीच्या पाठीवर थाप मारून जायचा.

पुढे अनेक नव्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. प्रत्येक वेळी मी आसपासच्या लोकांना आधी वंगणाची जागा दाखवून ठेवली. नुसतं 'हात लावू नका' सांगून उपयोग नसतो. ज्याचं माणूस गाडीत आहे, तो हात बांधून बसत नाही.

आता मी घरीच असतो. पण शेजारी कुणी मोहाच्या तेलाची फोडणी दिली, की अजून माझा उजवा पाय आपसूक ब्रेकवर जातो.