खटका उचलण्याआधी

सैल झालेला पट्टा वाऱ्यात घुमतो. गाडीवर माल बांधणाऱ्या प्रत्येकाला हा आवाज माहीत असतो. आधी बारीक येतो, मग गाडीने वेग घेतला की छातीत बसतो. मला तो गाडीत नसतानाही ऐकू येतो. न्हाव्याच्या दुकानात पंखा लागला की येतो. शेजारच्या कारखान्यातले माग जेवणाच्या सुट्टीत थांबले की त्या शांततेतही येतो. डॉक्टरांना कान दाखवले. कान ठणठणीत आहेत म्हणाले. ते मलाही ठाऊक होतं, पण फी देऊन ऐकलं.

आमचा धंदा यंत्रमाग हलवण्याचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणी कारखाना बंद करतो, कुणी जागा बदलतो. मग ते लोखंडी धूड क्रेनने ट्रकवर ठेवायचं, बांधायचं आणि सांगतील तिथे पोचवायचं. बांधणं माझ्याकडे आणि गाडी दाजींकडे, अशी वाटणी होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सांगोल्याकडचे. घरची मेंढरं भावांवर सोडून हा माणूस स्टिअरिंगला चिकटला तो चिकटलाच. चढावर गाडीशी बोलायचे, उतारावर तिला दटावायचे. अक्का म्हणायची, माझ्याशी एवढं बोलले असते तर संसार सोन्याचा झाला असता.

मी बांधणीच्या बाबतीत खडूस आहे, आणि त्याची मला लाज नाही. कड उसवलेला पट्टा दिसला की कापून टाकतो. ठेवला तर कुणीतरी शहाणा त्याला गाठ मारून वापरतोच. पट्टा मालावरून टाकायचा, त्याचं टोक गाडीच्या कडेखालच्या विंचवर, म्हणजे लोखंडी रिळावर, गुंडाळायचं, विंचच्या भोकात लोखंडी दांडा घालून आवळायचं. या दांड्याला गाडीवाले टॉमी म्हणतात. टॉमीला पाइप जोडून जोर लावणाऱ्याला मी दारात उभा करत नाही. आवळलेलं उलटं फिरू नये म्हणून विंचच्या दात्यात एक खटका पडतो. त्या बोटभर खटक्यावर सगळा ताण असतो.

म्हणून आमच्या गाडीवर एक रीत होती. खटका उचलणाऱ्याने आधी विचारायचं, "बाकीचे?" दुसऱ्याने गाडीभोवती फिरून उरलेल्या प्रत्येक पट्ट्याला हात लावायचा आणि मगच म्हणायचं, "बघितले." ते ऐकल्याशिवाय खटक्याला बोट लावायचं नाही. ही रीत मीच पाडली होती.

आठ वर्षांपूर्वी नातेपुत्याच्या एकाने इथून जुना माग विकत घेतला. विकणाऱ्याने त्याला नवा निळा रंग दिला होता आणि त्या रंगाला तो नव्या नवरीसारखा जपत होता. पट्टा धारेवर कापू नये म्हणून खाली घालायचे रबराचे तुकडे मी गोदामात विसरलो होतो. मालकाने टॉवेलचा गठ्ठा पुढे केला. सोलापुरात टॉवेलला काय तोटा? इथे सगळेच वेळ पडली की असं करतात. मी एकेका कोपऱ्यावर चांगल्या चार-चार घड्या घातल्या. रंग वाचला, मालक खूश झाला.

टॉवेल मऊ असतो. गाडी हादरली की दबतो, आणि तो जितका दबेल तितका वरचा पट्टा सैल पडतो. म्हणून गावाबाहेर पडल्यावर लगेच थांबून चारही पट्टे पुन्हा आवळायचे असतात. हे मी इतरांना शिकवायचो.

मोहोळच्या अलीकडे माझ्या खिडकीच्या बाजूला पट्टा घुमायला लागला. दाजींनी गाणी लावली होती, त्यांना ऐकू आलं नाही. तेवढ्यात नातेपुत्याहून तिसऱ्यांदा फोन आला. माग उतरवायचा मुहूर्त दुपारचा होता, भटजी येऊन बसले होते, तुम्ही अजून कुठं, म्हणून ते लोक कावले होते. मी मनात म्हटलं, मोडनिंबला बघू. आणि खिडकीची काच वर केली.

मोडनिंबला दाजी चहासाठी थांबले. मागच्या पट्ट्याखालचा टॉवेल निसटून लोंबत होता. ते त्यांना दिसलं. पट्टा सोडून टॉवेल नीट करावा म्हणून त्यांनी टॉमी विंचमध्ये घातला. मी चार पावलांवर पुन्हा फोनवर होतो.

"बाकीचे?" दाजींनी विचारलं.

"बघितले," मी म्हणालो.

ते थांबले. माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, "तिन्ही?"

"व्हय हो दाजी, उचला की."

मी एकालाही हात लावला नव्हता. बाकीचे तिन्ही सैल पडले होते आणि सगळा माग त्या एका मागच्या पट्ट्यावर रेलला होता. दाजींनी खटका उचलला. विंच गर्रकन उलटा फिरला आणि टॉमी त्यांच्या जबड्यावर आणि कानशिलावर बसला. माग कलून गाडीच्या फळीला टेकला. त्याच्या रंगाला ओरखडासुद्धा आला नाही. मला त्या मागाचा आजही राग येतो, आणि लोखंडावर राग धरणाऱ्या माझा त्याहून जास्त येतो.

सोलापूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दाजी बोलले. जबडा तारांनी बांधलेला, शब्द दातांतून कसेबसे येत होते. मोहोळच्या पुढचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. अक्का मुगाचं पाणी घेऊन उशाशी उभी होती.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "मी तुमाला इचारलं होतं का?"

मला वाटलं होतं की हा प्रश्न कुणी तरी विचारेल, पण पोलीस विचारतील, मालक विचारेल. दाजीच विचारतील हे माझ्या डोक्यात नव्हतं. अक्का माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. अक्काचा चेहरा कठोर झाला. "एका शब्दानं इचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं का," असं ती त्यांना म्हणाली. मोडलेल्या तोंडाच्या माणसाला म्हणाली, आणि मी तिथेच उभा होतो.

जबडा जुळला. नजर नीट, हातपाय नीट. गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. दाजींनी चालवली नाही. "ज्याला इचारायची सुद न्हाय, त्यानं रस्त्यावर गाडी घालू ने," एवढंच म्हणाले. ते सायकलवर कामाला यायला लागले. फाटकापाशी उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचे पट्टे तपासायचे, हे काम त्यांनी स्वतःहून घेतलं. कामाला नवा माणूस आला की ते त्याला जबड्यावरचा व्रण दाखवायचे. "बग, मी न इचारता खटका उचलला. लई शाना समजत होतो सोताला." माणसं हसायची, मग गंभीर व्हायची. मी तिथून निघून जायचो. पट्टे मोजायला, पाणी प्यायला, कशालाही. आठ वर्षांत ही गोष्ट मी किती वेळा अर्धवट ऐकली असेल कुणास ठाऊक. पूर्ण ऐकण्याची माझी छाती झाली नाही.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. आधी वाटलं, जखम भरू दे. मग वाटलं, आता भरलीय, उगाच कशाला उकरायची. माणूस स्वतःसाठी किती समजूतदार होतो ते मला त्या वर्षांत कळलं.

गेल्या महिन्यात आमचा ड्रायव्हर तापाने पडला. माल भरून, बांधून तयार होता आणि दुसरा कोणी मिळेना. मी दाजींना म्हटलं, फाटकातून काढून रस्त्याला तरी लावा. ते बराच वेळ टायरकडे बघत राहिले आणि मग वर चढले. मी शेजारी बसलो. त्यांनी स्टिअरिंगवरून तळवा फिरवला आणि क्षणभर त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला. किल्लीला घातलेला हात मात्र त्यांनी परत घेतला.

"न्हाय जमायचं, पाव्हणं. माजा माज्यावर इस्वास न्हाय."

"तुमी इचारलं होतं, दाजी," मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. काच वर केली तिथपासून. त्यांनी दोनदा विचारल्याचं सांगितलं, मी दोन्ही वेळा न बघता हो म्हणाल्याचं सांगितलं. दवाखान्यातलं सांगितलं. माझा आवाज रडका झाला होता आणि तो मला आवडला नाही.

"इचारलं होतं म्या?"

"दोनदा."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं. मला वाटलं, आता ते मला शिवी देतील, आणि दिली असती तर बरं झालं असतं. ते समोरच्या काचेकडे बघत होते.

"मग आट वर्सं मी गाडी का न्हाय चालवली, पाव्हणं?"

मी माझ्या बाजूची काच खाली केली.

"उतरा तुमी," ते म्हणाले. मी उतरलो. त्यांनी गाडी चालू केली, फाटकातून सरळ काढली आणि माल एकट्यानेच पोचवून आले.

दोन दिवसांनी अक्काने संध्याकाळी जेवायला बोलावलं. तिने शेंगाची पोळी केली होती. दाजी पुन्हा गाडीवर बसले या आनंदात तिचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांनी तिला काही सांगितलेलं नव्हतं हे मला उंबऱ्यातच कळलं. ती माझ्या ताटात तूप ओतत म्हणाली, "तूच धीर दिला असशील ह्यास्नी. आट वर्सं माझं ऐकलं न्हाय बग. तुझं ऐकलं."

दाजींचा हात घासावर थांबला. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. नुसती वाट बघत होते. अक्काही माझ्याकडेच बघत होती, हातात तुपाची वाटी तशीच धरून.

"आमटी वाढ गं," मी म्हणालो.