दामूच्या फिशटँकचा लाईट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या स्क्रूंसारखे ते आपोआप साठतात. एखाद्या दिवशी डबा उघडावा, तर हा ढीग! आमचं टोळकं तर तिघांचंच. नाहूरला आमच्या सोसायटीच्या गेटापाशी एक बाकडं आहे. संध्याकाळी त्यावर मी, राणे आणि दामू तांडेल. मी जन्मभर वायरमन. राणे बसमध्ये कंडक्टर होता, म्हणून आवाज मोठा. मी बोलतो हळू. माझं एक वाक्य संपेपर्यंत राणेचा चहा संपतो. म्हणून हे लिहूनच काढतो.

*

दामू वर्सोव्याचा कोळी. चाळीस वर्षं होडीवर काढली. म्हातारपणी नाहूरला एकटा राहायला आला आणि काय पाळलं? फिशटँक! त्यातही मासे सहाच, नखाएवढे. बाकी सगळी झाडं. "मासे आयुष्यभर बघितले रे. आता जरा झाडं बघू दे," म्हणायचा.

एकदा त्याची धाकटी बहीण हिरा वर्सोव्याहून आली. टँकसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादूस, हा मावरा मोठा कवा व्हनार?"

"हा मोठा होत नाय."

"मंग ठेवलायस कशाला? तलला तर तव्याला पन कलनार नाय!"

*

दामूचा जीव होता टँकच्या तळाच्या गवतावर. केसासारखं बारीक गवत. एकेक काडी चिमट्याने रेतीत खोचायची. वर्षभर लावत होता. आणि डोळ्यांत मोतीबिंदू! सगळं अंदाजाने.

"लावलं मी, पण बघितलं तुम्हीच," एकदा म्हणाला. "मला नुसता हिरवा धूर दिसतो. ते एकदा नीट बघायचंय, म्हणून डोळा कापून घेतोय. नाहीतर पेपर वाचायची मला काय हौस आहे?"

ऑपरेशननंतर दहा दिवस हिराकडे राहायचं ठरलं. जाताना त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "अकराला लाईट लाव, सातला बंद कर. तू वायरमन, मला काळजी नाही."

तिसऱ्या दिवशी लाईट गेला!

*

म्हणजे अर्धा गेला, अर्धा मिणमिणत होता. मी वरची पत्र्याची टोपी खोलली. आत पाण्याची वाफ शिरून लाईटची पट्टी गंजून गेलेली. मी चष्मा पुसला, टेस्टर काढला, विचार करत बसलो.

राणेला कुठला धीर? "अरे, आमची गाडी बंद पडली की ड्रायव्हर दोन थपडा मारायचा. लगेच चालू!"

मी 'नको' म्हणेपर्यंत त्याने दोन थपडा मारल्या. उरलेला अर्धाही गेला.

राणेने शांतपणे हात झटकले. "बघ, आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या!"

*

दोन दिवसांत गवताची टोकं पिवळी पडायला लागली. मला जेवण जाईना. पट्टी बदलावी म्हणून मी भांडुप-मुलुंड पालथं घातलं, तशी कुठे मिळेना. राणे म्हणाला, "तोपर्यंत काहीतरी उजेड दे रे त्यांना!" आणि घरून गणपतीची माळ घेऊन आला. लाल, निळी, हिरवी, भकाभक उघडझाप करणारी.

मासे जे दगडामागे लपले ते बाहेरच येईनात. पाच मिनिटांत बेल वाजली. शेजारची मुलगी दारात.

"काका, पार्टी आहे का? मग आवाज जरा वाढवा ना, काहीच ऐकू येत नाहीये!"

*

दामूचा रोज फोन. "लाईट चालू आहे ना?" डॉक्टरांनी सांगितलेलं, ब्लडप्रेशर वाढता कामा नये. खरं सांगायची सोय नाही आणि खोटं मला जमत नाही. मी फोन राणेला दिला.

"लाईट एकदम झकास!" राणे ओरडला. "आम्ही त्याच उजेडात पेपर वाचतो!"

"मेल्यांनो, गवतावर सावली पाडू नका! बाहेर बाकड्यावर वाचा!" आणि फोन बंद.

*

शेवटी घाटकोपरला मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण पोरगा. "काका, झाडं कुठली आहेत? त्याप्रमाणे लाईट घ्यावा लागतो."

नावं कुणाला येतात? राणेने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. आत पाणी आणि पाण्यात गवताच्या चार काड्या!

पोरगा बघतच राहिला. "तीस वर्षं आमचं साड्यांचं दुकान होतं, काका. बायका ब्लाउजपीस मॅचिंगला असंच कापड आणायच्या!"

पण डोक्याने हुशार. म्हणाला, जुन्या तऱ्हेचे पिवळट लाईट आता येत नाहीत. हा नवा पांढरा, दुपटीने लख्ख. "यात गवत सुधारेल. आठवड्यात फरक बघा."

*

नवा लाईट मी जुन्या टोपीतच बसवला, दामूला कळू नये म्हणून. पण तो आत हलायला लागला. मध्ये घालायला रबराचा तुकडा हवा होता. मी राणेच्या पायांकडे बघितलं.

राणे घरी एका चपलेने गेला. बायकोने विचारलं, "दुसरी खंय?"

"दामूच्या माशांच्या डोक्यावर!"

तिने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

*

दामूने मुक्काम चार दिवस वाढवला, तेवढा देवच पावला. गवत पुन्हा हिरवं झालं. आणि तो आला. काळा चष्मा, हात धरायला हिरा. आल्या आल्या टँकसमोर स्टूल ओढलं. मी बटण दाबलं. दामूने चष्मा काढला.

 मग तो अगदी हळू म्हणाला, "अरे... प्रत्येक काडी वेगळी दिसते रे. ही वाकडी लागलीय बघ. मीच लावली."

हिराने पदराने नाक पुसलं. 

"डॉक्टर देवमाणूस," दामू म्हणाला. "काय डोळा बनवलाय! पाणी कसं काचेसारखं!" राणेने मला कोपर मारून वरच्या नव्या लाईटकडे खूण केली.

"पुढच्या म्हयन्यात दुसरा डोला," हिरा म्हणाली. "तारीख दिलीय."

दामूने मान हलवली. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसत्या दुसऱ्या डोळ्याने टँककडे बघितलं. पुढे वाकला. मागे झाला. पुन्हा वाकला.

"हिरा, डॉक्टरला फोन लाव," तो म्हणाला. "तारीख कॅन्सल! पहिल्याची हालत बघून हा घाबरून आपोआप सुधारलाय!"