फ्यूज सोनाजीच्या पिशवीत होते

मी वेल्डर आहे. आमच्या कामात आधी मीटर लावायचा आणि मग बोलायचं, अशी सवय लागून जाते. इथं मस्कतच्या बाजूला आमच्या खोलीत नांदेडचा एकजण आहे. सुट्टीवरून येताना तो तुमच्या मासिकाचे अंक आणतो आणि त्यातले अनुभव मोठ्याने वाचून दाखवतो. सगळ्यात जास्त शंका मीच काढतो. बाई दिसली? किती अंतरावरून? उजेड किती होता? तो चिडतो. परवा म्हणाला, "तुला बरं आयुष्यात कधी काहीच झालं न्हाई!"

झालंय... एकदा. पण त्यात भूत नाही, बाई नाही, रात्रसुद्धा नाही. भर दुपार होती आणि बाहेर जत्रेसारखी गर्दी. त्यामुळे सांगायला बसलो तर ऐकणाऱ्याला यात घाबरण्यासारखं काय आहे हेच पटकन कळत नाही. म्हणून क्रमाने लिहितो.

मी पिंपळगाव रेणुकाईचा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. घरची शेती चांगली. कमी होतं ते माझ्या डोक्यात. नववीला गणितात दोनदा आपटलो आणि शाळा सुटली. थोरल्या भावाने, आम्ही त्याला आप्पा म्हणतो, मला आठवी पासवर जालन्याला वेल्डरच्या एक वर्षाच्या कोर्सला घातलं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सोडायला आला तेव्हा आप्पा एवढंच म्हणाला, "दत्त्या, पुस्तकात तुझं मन न्हाई लागलं, चालतं. हाताला तरी कायतरी येऊ दे."

हाताचंच तर अवघड होतं. माझा हात थरथरायचा. आडवा जोड कसातरी जमायचा, पण परीक्षेत उभा जोड असतो. दोन लोखंडी पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या लावायच्या आणि मधली फट खालून वर भरत न्यायची. वितळलेलं लोखंड खाली ओघळायला बघतं, त्याला हाताच्या लयीने वर थोपवून धरायचं. माझं प्रत्येक वेळी ओघळायचं. मेणबत्तीसारखे थेंब. आमचे कुलकर्णी सर, जालन्याच्या जुन्या घरातले, शर्ट कायम पांढरा, मागे उभे राहून म्हणायचे, "मोज रे बाबा. एक-दोन डावीकडे, एक-दोन उजवीकडे. घाई कुणाची आहे?" मोजायला लागलो की तोच गणिताचा तास आठवायचा आणि हात आणखी हलायचा.

उभा जोड गेला की परीक्षा गेली. म्हणजे तिसऱ्यांदा नापास. त्या वर्षभरात मला दुसरी काळजीच नव्हती.

आणि परीक्षेला दोन-अडीच महिने राहिले असताना संस्थेला कुलूप लागलं. कर्मचाऱ्यांचा संप. गेटवर कागद चिकटवला, हॉस्टेल रिकामं केलं. आम्ही पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन बाहेर उभे. सरही बाहेरच, छातीला काळी फीत. एकाने विचारलं, "सर, मंग आमचं कसं?"

सर म्हणाले, "संपावर मी आहे. तुम्ही नाहीत."

त्यांनी तिथंच, रसवंतीच्या बाकावर बसून वही काढली. प्रत्येकाला विचारलं, तुझ्या गावाजवळ वेल्डिंगचं दुकान कुठं आहे? कुणी घनसावंगी सांगितलं, कुणी भोकरदन. माझी मावशी राजूरला, म्हणून मला राजूर. तिथल्या करीमभाई मिस्त्रींच्या नावाने चिठ्ठी दिली, रोज एक तास पोराला मशीन द्यावं म्हणून. पट्ट्यांवर आपापला नंबर ठोकायचा, रोजचा जोड वहीत लिहायचा, आणि सर दर शुक्रवारी एस.टी.ने फिरून जोड बघणार. "गेटच्या आत शिकवलं तर संप मोडतो," ते म्हणाले. "स्टँडवर चहा पिता पिता काय बोललो, ते कोण बघतंय?"

आजही मला त्या माणसाचं नवल वाटतं. पगार बंद, आणि पिशवीत वेल्डिंगच्या रॉडचे पुडे घेऊन हा माणूस धुळीत फिरत होता.

करीमभाईंचं दुकान गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे गाळा, मागे पत्र्याचं शेड. मशीन मागेच. चिठ्ठी वाचून त्यांनी मला खालून वर बघितलं. "हात तर बरे हायेत. थरथरतो कशाला? मी काय खातो का तुला?" पण एक तास म्हणता म्हणता दोन-दोन तास मशीन देत. माझे थेंब बघून हसत. "दत्ता, माझ्या गेटाला अशा मोत्याच्या माळा लावू का रे? गिऱ्हाईक खूश होईल!" चार शुक्रवार गेले. सर बघायचे, पट्टी परत द्यायचे, चहा पाजायचे. चौथ्या शुक्रवारी काहीच बोलले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती बसली.

मग चतुर्थी आली. चतुर्थीला राजूरला पाय ठेवायला जागा नसते. करीमभाईंच्या गाळ्यापुढे नारळ-दुर्वावाल्यांची दुकानं लागतात, म्हणून ते त्या दिवशी शटर ओढून घेत. मला म्हणाले होते, "मागं बसून कर. पुढं ठिणगी न्हाई पायजे, लहान लेकरं बघत बसतात, डोळे जातात त्यांचे."

मावशीचं पाणी भरून मी बाराच्या थोडं आधी मागच्या दाराने शेडमध्ये गेलो. पट्ट्या उभ्या लावल्या, अर्थिंग जोडलं, मशीनचा खटका वर केला. मशीनचा घुमणारा आवाज आला. हे मी पक्कं सांगतो, कारण तो आवाज आल्याशिवाय मी रॉड उचलत नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.

काळी काच तोंडापुढे धरली आणि देवळावरच्या भोंग्यातून बाराची आरती सुरू झाली. टाळ्या, झांजा, हजारभर माणसं एका लयीत. मी रॉड टेकवला.

काचेतून फक्त तो हिरवा ठिपका दिसतो, बाकी जग नसतं. मी मोजत नव्हतो. टाळीला डावीकडे, टाळीला उजवीकडे... हात आपोआप जात होता. लोखंड जागच्या जागी बसत होतं. रॉड संपला, दुसरा लावला. आरती संपली आणि मी वरच्या टोकाला पोचलो होतो.

काच खाली केली. जोडावरची खपली झाडली. आतून जोड निघाला तो एकावर एक खवल्यांसारखा, खालपासून वरपर्यंत. एक थेंब नाही. मी खाली मातीतच बसलो.

तेवढ्यात करीमभाई मागच्या दाराने आले. मी म्हणालो, "चाचा, बघा!"

त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "कोणाचा हाय हा?"

"माझा. आत्ता केला."

"मजाक करू नको. लाईट सकाळपासून बंद हाय." आणि त्यांनी पट्टी उचलायला सरळ हात घातला.

इथं एक सांगायला पाहिजे. वेल्डर माणूस पट्टीला उघडा हात कधीच लावत नाही. काळी पडलेली पट्टीसुद्धा चटका देते, हे आम्हाला पहिल्या दिवशी कळतं. करीमभाईंचं सगळं आयुष्य त्या कामात गेलेलं. त्यांनी हात लावला, कारण लाईट नाही म्हणजे पट्टी थंड असणार याची त्यांना बिलकुल खात्री होती.

"या अल्ला!" पट्टी खाली, अंगठा तोंडात. त्यांनी डब्यातलं पाणी तिच्यावर टाकलं. चर्र आवाज झाला, वाफ निघाली. आम्ही दोघं बघत राहिलो. मग ते उठून मशीनकडे गेले, खटका खाली-वर केला. काही नाही. आवाज नाही, कंप नाही. शेडमधला बल्ब लावला. तोही नाही.

"भोंगा तर चालू होता..." मी म्हणालो.

"भोंगा बॅटरीवर असतो रे, बाबा."

गल्लीतली पिठाची गिरणी बंद होती. समोरच्या रसवंतीवाल्याने सांगितलं, दहापासून लाईट नाही. करीमभाईंचा अंगठा मात्र टम्म फुगला होता.

पाचच्या सुमारास लाईनमन सोनाजी चहाला आला. मोठा गप्पिष्ट माणूस, गाव त्याला ओळखायचं. करीमभाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सोनाजी, दुपारी मधी लाईट आल्ती का? पाच-दहा मिनिटं?"

"कशी येईल? जीपच्या अड्ड्याजवळ तार तुटली होती. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचे तिन्ही फ्यूज काढून पिशवीत घातले, पिशवी खांद्याला अडकवली, मंग खांबावर चढलो." त्याने ती कळकट पिशवी थोपटून दाखवली. "तिन्ही माझ्याजवळ. दोन वाजता परत लावले."

मी विचारलं, "आरतीच्या टाइमाला कुठं होता?"

"वरच होतो ना. मजाच झाली. खाली समदे हात जोडून राह्यले, अन् मला जोडता येईनात. दोन्ही हातात तार होती. म्हणलं, देवा, आज असाच नमस्कार घे."

मग करीमभाईंनी पट्टी आणली, अंगठा दाखवला आणि झालेलं सगळं सांगितलं. "आमची लाईन त्याच डीपीची," ते शेवटी म्हणाले.

सोनाजीने कप खाली ठेवला. आपले दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून बघितले. म्हणाला, "त्या तारेत करंट असता तर मी आत्ता इथं बसलो नसतो."

"ते बराबर," करीमभाई म्हणाले. "पण त्या तारेत करंट नसता तर हा अंगठा..."

सोनाजी उठला. "ह्ये गावात बोलू नका. माझी बायको मला परत खांबावर चढू द्यायची न्हाई."

आम्ही बोललो नाही.

शुक्रवारी सर आले. पट्टी हातात घेतली, नंबर बघितला, चष्मा काढून परत बघितली. "हा तुझा हात नाही, दत्ता."

करीमभाईंनी चिंधी बांधलेला अंगठा वर केला. "माझापण न्हाई, सर. मला तर असलं काम चार दिवसांपासून जमंना."

"मग माझ्यापुढं कर."

मशीन लावलं. लाईट होती, मी बल्ब लावून खात्री केली. पहिल्या रॉडला हात थरथरला, दोन थेंब गळाले. मग मी मनात आरती धरली. बाकीचा जोड तसाच आला, खवल्यासारखा. काच खाली केली तर सर माझ्या तोंडाकडे बघत होते. "ओठ कशाला हलत होते?"

"आरती, सर."

सर हसले, डोळे पुसेपर्यंत हसले. "अरे गाढवा, मी सहा महिने मोज मोज म्हणून ओरडतोय! हेच सांगत होतो ना मी?"

त्यांना मी चतुर्थीचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. "तुझी वेळ चुकली असेल. दोननंतर केला असशील." मी म्हणालो, पण आरती? ते उठले. मशीनच्या केबलीवरून पार मीटरपर्यंत हात फिरवत गेले. दुसरी कुठली जोडणी नव्हती. जाताना म्हणाले, "परीक्षेत हे लिहू नकोस म्हणजे झालं."

संप मिटला. परीक्षा झाली. उभा जोड पास झाला. आप्पाने फोनवर दोनदा विचारलं, "नक्की ना?" त्या पास झाल्याच्या कागदावर मी आधी गुजरातला गेलो आणि तिथून इकडे. घर बांधलं, बहिणीचं लग्न झालं. सगळं त्या एका जोडावर उभं आहे, आणि तो जोड मला सरांनी, करीमभाईंनी शिकवला यात मला काही शंका नाही. जमला कसा, हे मला कळतं. रॉड जळला कशावर, हे कळत नाही.

मी आजवर खूप इंजिनिअरांना आडून आडून विचारलं. चतुर्थीला आलेल्या पाळण्यावाल्याच्या जनरेटरवरून तारेत उलटा करंट आला असेल, असं एकजण म्हणाला. पाळणा देवळाच्या पलीकडे होता, आणि आमचं मशीन दोन फेजवर चालायचं, एका फेजच्या चोरट्या करंटवर नाही. आणि कुठूनही उलटा आला असता तरी तो खांबावरून गेला असता. तिथं सोनाजी होता. प्रत्येक उत्तर शेवटी त्या माणसाच्या हातात येऊन थांबतं. मला खरं मानायचं, तर तो मेलेला पाहिजे. तो जिवंत होता, चहा पीत होता.

मी राजूरला होतो तोवर सोनाजी एक गोष्ट न चुकता करायचा. खांबावर चढायच्या आधी दुकानात डोकावायचा. "दत्त्या, मी वर चाललो. हात खाली ठेव." मी रॉडचा होल्डर भिंतीला टांगायचो आणि तो उतरेपर्यंत बाहेर बाकावर बसायचो. लाईट नसायचीच. तरी बसायचो.

ती पट्टी माझ्या पेटीत आहे. माझा नंबर ठोकलेला आहे. नांदेडच्या सोबत्याला काल दाखवली, तर म्हणाला, "ह्यात काय हाय? चांगला जोड हाय." बरोबर आहे, चांगलाच जोड आहे.

इथं वाळवंटात आमचं काम पाइपलाइनवर चालतं. मशीनला स्वतःचं डिझेल इंजिन, मैलभरात एक खांब नाही की तार नाही. तरी रॉड टेकवायच्या आधी मी काच खाली धरून एकदा मान वर करतो. वर कुणी नाही ना, बघतो. मगच काच तोंडापुढे घेतो.